सर्व्हरचे कपाट पुन्हा सुरू करताना

बँकेच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते. पासबुक पुढे सरकवताच आतून उत्तर येते, "सर्व्हर डाउन आहे, दुपारनंतर या." रेशन दुकानात अंगठ्याचा ठसा जुळत नाही, रुग्णालयात केसपेपर निघत नाही, तहसील कचेरीत दाखला मिळत नाही; कारण विचारले, तर बहुधा हेच शब्द ऐकू येतात. ज्याचा दिवसाचा रोज बुडाला, त्याला हा सर्व्हर कोठे असतो, कसा दिसतो आणि तो 'डाउन' झाला म्हणजे नेमके काय झाले, हे कोणी सांगत नाही. पुष्कळदा तो बिघडलेला नसतोच. पंख्यांतील धूळ काढण्यासाठी, जुनी बॅटरी किंवा एखादा सुटा भाग बदलण्यासाठी तो मुद्दाम बंद केलेला असतो. दुरुस्ती संपते, भाग परत जागेवर बसतात, आणि मग वीज पुन्हा जोडण्याचा क्षण येतो. सगळ्या कामात सर्वांत जोखमीचा क्षण तोच. यंत्र उघडताना वीज बंद असते, म्हणून माणूस सुरक्षित असतो. ते मिटून वीज सोडताना आधी झालेली प्रत्येक चूक एकदम जिवंत होते.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरविणारा संगणक. घरातील संगणकासारखाच त्याला मेंदू, स्मृती आणि तबकड्या असतात. फरक इतकाच, की तो रात्रंदिवस चालावा या हिशेबाने घडविलेला असतो आणि टेबलावर न ठेवता पोलादी कपाटात, फडताळावर थाळ्या रचाव्यात तसा एकावर एक रचलेला असतो. या कपाटाला व्यवहारात 'रॅक' म्हणतात. रॅकची रुंदी जगभर बहुधा एकच असते, १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. टेलिफोन केंद्रांत रिले बसविण्यासाठी ज्या पोलादी चौकटी वापरीत, त्यांच्याकडून हे माप संगणकाकडे आले. उंची 'यू' या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. पूर्ण उंचीचे कपाट बहुधा ४२ यूचे, माणसापेक्षा थोडे उंच असते. एक यू उंचीचा सर्व्हर उचलायचा, तर पंधरा-वीस किलोचे वजन हातात येते. अशी वीस यंत्रे आणि खाली बॅटऱ्या असल्या, की कपाटाचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास सहज जाते.

वीज पुन्हा जोडण्यात किती धोका असतो, याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली आणि लंडनच्या हीथ्रो व गॅटविक विमानतळांवरून तिची उड्डाणे थांबली. ऐन सुट्टीच्या दिवसांत सुमारे ७५ हजार प्रवासी अडकून पडले. कंपनीच्या मूळ समूहाचे तेव्हाचे प्रमुख विली वॉल्श यांनी पुढे दिलेला खुलासा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वीजपुरवठा एका तंत्रज्ञाकडून तोडला गेला होता. परंतु खरी हानी झाली ती पुरवठा अनियंत्रितपणे पुन्हा जोडला गेल्यामुळे, असे त्यांनी सांगितले. नुसता अंधार झाला असता, तर काही तासांत निभावले असते. घाईने परत आलेल्या विजेने यंत्रेच जायबंदी केली.

दुरुस्तीच्या कामाविषयी एक गैरसमज रूढ आहे. ज्या क्रमाने उघडले त्याच्या उलट क्रमाने मिटवावे, की झाले, असे नवशिक्याला वाटते. तसे असते, तर हे काम कोणीही केले असते. उघडताना प्रत्येक गोष्ट डोळ्यांपुढे असते; मिटवताना ती एकेक करून झाकली जाते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी जे पाहायचे ते झाकण लावण्यापूर्वीच पाहावे लागते, आणि कपाटात सरकवण्यापूर्वी जे जोडायचे ते टेबलावरच जोडावे लागते.

पहिली गोष्ट स्क्रूंची. काढलेले स्क्रू मोजून ठेवावेत आणि लावताना पुन्हा मोजावेत. यासाठी चुंबकीय ताटल्या मिळतात. पण स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा या कामाला तितकाच उपयोगी आहे. एका वाटीत झाकणाचे, दुसरीत पंख्यांचे, तिसरीत तबकड्यांचे स्क्रू ठेवले, की गल्लत होत नाही. शेवटी एखादा स्क्रू उरला, तर तो खिशात टाकून पुढे जाणारा माणूस या कामाचा नव्हे. उरलेला स्क्रू एक वेळ परवडला. न सापडलेला परवडत नाही. तो मदरबोर्डवर घरंगळून दोन तारांच्या मध्ये अडकलेला असू शकतो, आणि वीज येताच तेथे ठिणगी पडते. त्यामुळे हिशेब जुळेपर्यंत झाकण बसत नाही.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून तिचा विसर पडतो. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लागताच झिणझिणी येते. ही स्थिर वीज होय. माणसाला असा झटका जाणवण्यासाठी अंगावर सुमारे तीन हजार व्होल्टचा दाब साठावा लागतो; नाजूक चिप मात्र शंभर-दोनशे व्होल्टनेही दुखावते. म्हणजे तंत्रज्ञाला काहीही जाणवलेले नसते आणि भाग निकामी झालेला असतो. कधी तो तेव्हाच मरत नाही, अर्धमेला होऊन चार महिन्यांनी दगा देतो, आणि दोष कंपनीच्या मालावर जातो. दिल्ली, जयपूर अशा कोरड्या थंडीच्या गावांत हा धोका अधिक. मुंबई, कोची, चेन्नईच्या दमट हवेत तो कमी. तेथे दुसरी अडचण असते. थंडगार खोलीतून आणलेला सुटा भाग दमट हवेत उघडला, तर फ्रिजमधील बाटलीसारखा त्यावर दव धरतो. तो वेष्टनातच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच उघडावा.

स्थिर विजेवरचा उपाय म्हणजे मनगटी पट्टा. मनगटाला बांधायचा, त्याची तार कपाटाच्या उघड्या धातूला लावायची, की अंगावरचा भार जमिनीत निघून जातो. या तारेत दहा लाख ओहमचा एक रोध मुद्दाम बसविलेला असतो. चुकून हात जिवंत तारेला लागला, तर पट्ट्यामुळे माणूस जमिनीशी पक्का जोडलेला असूनही त्याच्या अंगातून घातक प्रवाह वाहू नये, यासाठी ही योजना आहे. म्हणूनच पट्टा नाही म्हणून साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळणे हा शहाणपणा नव्हे, तो जिवाशी खेळ होय. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातील साखळी हे सारे कामापूर्वी उतरवून ठेवावे, हे सांगायला नकोच.

आतील भाग बसविताना ताकदीपेक्षा कानाचा उपयोग अधिक होतो. रॅमची पट्टी खाचेत नीट बसली, की दोन्ही टोकांच्या खिट्ट्या 'टक्' असा आवाज करून मिटतात. एकच खिटी मिटली, तर पट्टी तिरकी बसली आहे असे समजावे. प्रोसेसरवरील धातूचा उष्णताशोषक काढला असेल, तर जुना लेप पुसून नवा पातळ लेप द्यावा लागतो. वाळलेल्या जुन्या लेपावरच तो परत बसवला, तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि प्रोसेसर तापतो. तबकड्या ज्या खणांतून काढल्या त्याच खणांत जाव्यात, म्हणून काढतानाच प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी लावलेली असावी. पुष्कळ नव्या यंत्रांना तबकड्यांची अदलाबदल झालेली ओळखता येते; पण त्यांच्या या हुशारीवर बँकेचे खातेदार सोपवू नयेत.

आता सर्व्हर कपाटात जायचा. जड यंत्रे खाली, हलकी वर, हा नियम घरातील फळीवर भांडी मांडणाऱ्यालाही ठाऊक असतो. कपाट रिकामे केले असेल, तर ते भरायला तळापासून सुरुवात करावी. सर्व्हर सरकत्या पट्ट्यांवर बसतो; टेबलाच्या खणासारखा तो पूर्ण बाहेर ओढता येतो. येथेच अपघाताचे मूळ आहे. एक खण बाहेर असताना कपाट तोल सांभाळते. दोन-तीन एकदम बाहेर ओढले, की सारे वजन पुढे येते आणि कपाट माणसावर कोसळू शकते. त्यामुळे एका वेळी एकच यंत्र बाहेर, आणि उचलताना दोन माणसे. मनुष्यबळ नाही म्हणून एकट्याने तीस किलोचा सर्व्हर खांद्याच्या उंचीवर चढवणारे कौतुकाला पात्र ठरू नयेत. मधले रिकामे खण प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या कोऱ्या पट्ट्यांनी बंद करावे लागतात. या पट्ट्या शोभेसाठी नसतात. सर्व्हर समोरून थंड हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. समोर भोक उघडे राहिले, तर मागची गरम हवा त्यातून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. दुरुस्तीनंतर 'खोली गार आहे, तरी यंत्र तापते' अशी तक्रार आली, तर कोपऱ्यात पडून राहिलेल्या या पट्ट्या आधी शोधाव्यात.

यानंतरचा विषय अर्थिंगचा. तो थोडा सविस्तर समजून घ्यायला हवा, कारण यंत्रापेक्षा माणसाच्या जिवाचा संबंध येथे अधिक आहे.

घरातील मिक्सर किंवा इस्त्री सदोष झाली, तरच तिच्या पत्र्यात वीज उतरते, असे आपण समजतो. सर्व्हरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतील खरखर गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात, आणि ते थोडासा प्रवाह सतत अर्थच्या तारेत सोडत असतात. यंत्र निर्दोष असतानाही हे घडते. ती रचनाच तशी आहे. एका पॉवर सप्लायमधून असा एक मिलिअँपिअर प्रवाह निघतो असे धरू. तो इतका थोडा, की हाताला जेमतेम जाणवेल. पण कपाटात वीस सर्व्हर असतात आणि प्रत्येकाला दोन पॉवर सप्लाय. चाळीस ठिकाणांहून निघालेले चाळीस मिलिअँपिअर कपाटाच्या एकाच अर्थ तारेतून जमिनीत जात असतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास माणसाचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीस मिलिअँपिअर काही वेळ अंगातून गेले, तर हृदयाची लय बिघडू शकते. घरातील गळती-संरक्षक स्विच तीस मिलिअँपिअरला तुटतो, तो याच कारणाने.

आता ती एक अर्थ तार दुरुस्तीच्या वेळी सोडली आणि परत लावायची राहिली, असे समजा. वरकरणी काहीही बिघडत नाही. सर्व दिवे हिरवे लागतात, सर्व्हर सुरळीत चालतात. परंतु कपाटाच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे शंभराहून अधिक व्होल्टचा दाब चढलेला असतो, आणि चाळीस पॉवर सप्लायचा एकत्र प्रवाह जमिनीत जाण्यासाठी वाट शोधत असतो. ती वाट म्हणजे दार उघडायला आलेला पुढचा माणूस. तो बहुधा तंत्रज्ञ नसतोच; फरशी पुसायला आलेला, ओल्या पायांचा सफाई कामगार असतो.

यावरून क्रम ठरतो. उघडताना अर्थची तार सर्वांत शेवटी सोडावी आणि जोडताना सर्वांत आधी लावावी. ती लावली म्हणजे काम झाले असेही नाही. कपाटाला रंग दिलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. त्यासाठी स्क्रूखाली दातेरी वायसर घालतात, म्हणजे त्याचे दात रंग खरवडून धातूला भिडतात. काढलेला वायसर हरवला आणि साधा लावला, तर जोड दिसतो पक्का, पण असतो कच्चा. दारांची गोष्ट अशीच. कामाच्या सोयीसाठी दारे बिजागरीतून उतरवतात, शेवटी परत लावतात, पण दाराला चौकटीशी जोडणारी हिरवी-पिवळी तार मात्र लोंबत राहते. मल्टीमीटरची एक टोकणी खोलीतील अर्थ पट्टीला आणि दुसरी दाराच्या उघड्या धातूला लावून रोध मोजला, की खरेखोटे कळते. आकडा एका ओहमहून कमी यायला हवा. भारतात अर्थिंग कसे असावे, यासाठी आयएस ३०४३ हे मानक आहे; इमारतीच्या पट्टीतच दोष आढळला, तर तेथे संगणकाच्या तंत्रज्ञाने हात न घालता परवानाधारक वीजतंत्रीला बोलवावे.

रंगांचा एक सापळाही येथे सांगितला पाहिजे. भारतातील इमारतींच्या तारांमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे आणि काळा न्यूट्रलचा, असा संकेत चालत आला आहे. यंत्रासोबत येणाऱ्या वायरीत मात्र तपकिरी हा फेज आणि निळा हा न्यूट्रल असतो. म्हणजे भिंतीतील निळी तार जीव घेऊ शकते आणि वायरीतील निळी तार न्यूट्रलची असते. रंग पाहून तार ओळखणाऱ्याने हे विसरू नये; खात्री मल्टीमीटरनेच होते.

एव्हाना कपाट भरलेले आहे, अर्थ लागलेला आहे, पण वीज अजून बंद आहे. मुख्य ब्रेकरला कुलूप आहे आणि त्यावर 'काम चालू आहे, वीज चालू करू नये' अशी पाटी आहे. या कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी, कार्यालयाच्या खुंटीवर नव्हे. प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी का असतात, ते आता पाहू. कपाटात दोन उभ्या वीजपट्ट्या असतात, एक 'अ' आणि दुसरी 'ब'. दोघींना वीज वेगवेगळ्या वाटेने येते. एक वाट तुटली, तरी सर्व्हर दुसरीवर चालत राहतो. दुरुस्तीनंतर घाईत दोन्ही वायरी एकाच पट्टीत खुपसल्या, तर सर्व्हर चालेल, पण संरक्षण संपले. आणि हे कळेल ते पट्टी बंद पडेल त्या दिवशीच.

भाराचा हिशेबही याच वेळी करावा. प्रत्येक पट्टी सोळा अँपिअरच्या ब्रेकरवर आहे आणि कपाटाचा एकूण भार चोवीस अँपिअर आहे, असे धरा. दोन्ही पट्ट्या चालू असताना प्रत्येकीवर बारा अँपिअर पडतात, आणि सारे आरामात चालले आहे असे वाटते. पण एक पट्टी गेली, की दुसरीवर चोवीस येतात. सोळाचा ब्रेकर तो भार सहन करीत नाही. काही मिनिटांत, फार तर तासाभरात, तोही तुटतो आणि कपाट काळोखात बुडते. दोन पायांवर उभे राहता येते म्हणून दोन माणसांचे ओझे घेतल्यासारखे हे आहे. दोन्ही पट्ट्यांचा मिळून भार एकीलाच पेलवेल इतका असावा, आणि तोही तिच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आत. सोळाच्या पट्टीसाठी हा आकडा बारा-तेरा अँपिअर इतकाच येतो. दुरुस्तीच्या वेळी नवा सर्व्हर 'जागा आहे म्हणून' बसवला जातो, तेव्हा हाच हिशेब पाहायचा राहतो.

वीज सोडण्यापूर्वी सर्व पॉवर सप्लायचे स्विच बंद असावेत किंवा वायरी मोकळ्या असाव्यात. प्रथम मुख्य ब्रेकर चालू करून रिकाम्या पट्टीवर मल्टीमीटर लावावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तितकाच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. शेवटचा आकडा मोठा आला, तर पुढे जाऊ नये. न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थ गेलेला आहे. हा आकडा पाहायला एक मिनिट लागते. यूपीएसवरही नजर टाकावी. दुरुस्तीसाठी तो बाजूला ठेवून वीज थेट सोडलेली असते, आणि त्याला पुन्हा वाटेत घेणे राहून जाते. मग पुढच्या भारनियमनात यूपीएस असूनही सर्व्हर बंद पडतात.

काम दोघे करीत असतील, तर एक कपाटासमोर आणि दुसरा मागे असतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. अशा वेळी बोलून खात्री करून घेण्याचा रिवाज जाणते लोक पाळतात. पुढचा विचारतो, "दादा, हात बाहेर आहेत ना?" मागून "बाहेर आहेत, सोडा" असे शब्द ऐकू आल्यावाचून तो ब्रेकरला हात लावीत नाही. 'हं' किंवा नुसते खाकरणे हे उत्तर धरले जात नाही.

आता यंत्रे एकेक करून चालू करायची. एकदम का नाही? पॉवर सप्लायमधील कपॅसिटर रिकामे असतात. वीज येताच ते तहानलेल्यासारखे प्रवाह ओढतात. हा ओढा काही हजारांश सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात एकेक पॉवर सप्लाय वीस-तीस अँपिअरही घेऊ शकतो. चालू स्थितीत अर्धा-एक अँपिअर घेणाऱ्या वीस यंत्रांनी एकाच क्षणी असा घोट घेतला, तर शेकडो अँपिअरची मागणी होते आणि ब्रेकर तत्क्षणी तुटतो. मग अननुभवी माणूस ब्रेकर पुन्हा वर करतो, तो पुन्हा तुटतो, आणि या चढउतारात एखादा पॉवर सप्लाय जळतो. यंत्रांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवले, की ही अडचण राहत नाही. वीज गेल्यानंतर परत येताच सर्व्हरने आपोआप सुरू व्हावे की वाट पाहावी, हे त्याच्या मांडणीत ठरवता येते. दुरुस्तीच्या दिवशी 'वाट पाहावी' हेच बरे.

क्रमही ठरलेला असतो. आधी नेटवर्कचे स्विच, कारण रस्ताच नसेल, तर कोणी कोणाशी बोलू शकत नाही. मग माहिती साठविणाऱ्या तबकड्यांच्या पेट्या, आणि त्या स्थिर झाल्यावर त्यांचे नियंत्रक. त्यानंतर वेळ आणि ओळख सांभाळणारा सर्व्हर, मग माहितीकोशाचा, आणि शेवटी ज्यावर बँकेचा किंवा रुग्णालयाचा रोजचा कारभार चालतो तो. तबकड्या जाग्या होण्यापूर्वी माहितीकोशाचा सर्व्हर उठला, तर त्याला आपले कोठार रिकामे दिसते. तो बंद पडतो किंवा चुकीच्या समजुतीने काम सुरू करतो. दुसरे अधिक वाईट.

बटण दाबताच पंखे इतक्या जोराने गर्जतात, की नवखा माणूस दचकून मागे सरतो. ती गर्जना अर्ध्या-एक मिनिटात शांत होते. नंतर येतो तो सर्वांत अवघड भाग, म्हणजे काहीही न करणे. भरपूर स्मृती असलेला सर्व्हर, विशेषतः नवी रॅम बसवल्यानंतर, स्वतःची तपासणी करण्यात पाच-दहा मिनिटेही घेतो. पडदा काळा असतो. फोन वाजत असतो, साहेब मागे उभे असतात. 'अडकला वाटते' म्हणून येथे वीज तोडणारे पुष्कळ. कोणत्या यंत्राला एरवी किती वेळ लागतो, हे नोंदवहीत आधीच लिहिलेले असेल, तर तो फोन निर्धास्तपणे वाजू देता येतो.

कधी पडद्यावर संदेश येतो, की तबकड्यांवर 'फॉरिन', म्हणजे परकी मांडणी आढळली आहे. नियंत्रकाला आपल्याच तबकड्या ओळखू येत नाहीत, इतकाच याचा अर्थ. तो दोन पर्याय देतो: मांडणी स्वीकारावी की पुसून टाकावी. यातील दुसरी कळ दाबली, तर तबकड्यांवरील माहिती कशी रचली आहे, त्याचा नकाशाच जातो. हजारो खातेदारांच्या नोंदी आणि तंत्रज्ञाचे एक बोट यांच्यामध्ये तेव्हा काहीही उभे नसते. अशा वेळी पडद्याचे छायाचित्र काढावे, हात मागे घ्यावा आणि वरिष्ठांना विचारावे. काम हाती घेण्यापूर्वी माहितीची ताजी प्रत काढून ठेवावी, असे जे सांगतात, ते याच घटकेसाठी. शिवाय वर्षानुवर्षे अखंड फिरलेली तबकडी एकदा थांबली, की कधी कधी पुन्हा फिरतच नाही.

घड्याळाची चूक किरकोळ वाटते. मदरबोर्डवर नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली असेल, तर वीज तोडल्यावर यंत्राचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. सर्व्हर सुरू होतो, पण एकमेकांना ओळख देताना ते वेळही तपासतात, आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला, की अनेक यंत्रणा प्रवेश नाकारतात. वायरी तपासण्यात अर्धा दिवस जातो आणि दोष निघतो या छोट्याशा बॅटरीत.

सारे उभे राहिल्यावर एक परीक्षा उरते, आणि ती घ्यायला मन धजावत नाही. 'अ' पट्टीचा ब्रेकर जाणूनबुजून बंद करायचा. सर्व सर्व्हर 'ब'वर चालत राहिले पाहिजेत. एखादा बंद पडला, तर त्याची वायर चुकीच्या पट्टीत आहे किंवा त्याचा एक पॉवर सप्लाय नीट बसलेला नाही. मग 'अ' चालू करून, दिवे हिरवे होऊ देऊन, 'ब'ची परीक्षा. ही परीक्षा कार्यालय उघडण्यापूर्वी घेतली, तर चूक फक्त तंत्रज्ञाला कळते; टाळली, तर पुढे कधीतरी सगळ्या रांगेला कळते.

पुढचा तासभर कपाटाच्या मागच्या बाजूस हाताने आणि तापमापकाने उष्णता पाहत राहावे. समोरून आत जाणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी. सैल राहिलेला जोड याच तासात तापू लागतो, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास कोणत्याही दिव्याच्या आधी सूचना देतो. मग दारे मिटवायची, पेचकस आणि वाट्या मोजून पेटीत भरायच्या. नोंदवहीत काय काढले, काय बसवले, कोणते आकडे मोजले आणि कोणते यंत्र किती वाजता उभे राहिले, हे लिहायचे. 'काम पूर्ण' हे शब्द मात्र अजून लिहायचे नसतात. त्याआधी खिडकीवरच्या कारकुनाला फोन करून एका खातेदाराचे पासबुक यंत्रात घालायला सांगतात. छपाईची करकर फोनमधून ऐकू आली आणि "ओळ उमटली" असे तो म्हणाला, की मग ते दोन शब्द आणि त्यापुढे सही.